काळी-पिवळी, ॲपची गाडी आणि कर्जाचा हप्ता

विचारलं आहे ते असं: ओला-उबर आल्यावर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा धंदा नेमका कशामुळे बसला, शेअरिंग इकॉनॉमी म्हणतात ती जुने धंदे कशी मोडते, आणि धाकट्या भावाने आज कर्ज काढून गाडी घ्यावी आणि ॲपला लावावी का. तिन्हीचं उत्तर एकत्रच देते, कारण माझ्या टेबलावर हे प्रश्न एकत्रच यायचे. मुंबईतल्या एका पतसंस्थेत मी वीसहून जास्त वर्षं वाहनकर्जाचं काम पाहिलं. आधी परमिटवाले यायचे, नंतर ॲपवाले यायला लागले. आरसी बुकावर बोजा चढवण्यापासून थकलेल्या हप्त्यासाठी जामीनदाराला फोन करण्यापर्यंत सगळं केलं. त्यामुळे मी हा बदल हप्त्याच्या बाजूने बघते. माझं मत ठाम आहे: या धंद्यात दोन गोष्टींनी हात बदलले. भाडं ठरवण्याचा अधिकार सरकारकडून कंपनीकडे गेला आणि गाडीचं कर्ज चालकाच्या डोक्यावर आलं. बाकीच्या बऱ्याच गोष्टी यातून निघतात.

आधी जुना धंदा. मुंबईत मीटरची टॅक्सी चालवायची तर परमिट हवं, आणि १९९७ मध्ये सरकारने नवी परमिटं देणं थांबवलं. शहर विरार-बदलापूरपर्यंत पसरत गेलं, टॅक्सींची संख्या मात्र वाढायची थांबली आणि पुढे घटत गेली. जी वस्तू नवीन मिळत नाही तिला भाव चढतो. आरटीओच्या मंजुरीने परमिट दुसऱ्याच्या नावावर करता यायचं आणि त्या व्यवहाराला कागदावर न दिसणारा भाव होता. बरेच परमिटवाले स्वतः स्टिअरिंगवर बसत नसत. गाडी शिफ्टवर द्यायची, जौनपूर-प्रतापगढहून आलेल्या चालकाने मालकाला शिफ्टचं ठरलेलं भाडं द्यायचं, गॅस स्वतःचा भरायचा आणि उरेल ते घरी न्यायचं. म्हणजे चालकाची पिळवणूक ॲपने सुरू केली, हे खरं नाही. ती आधीही होती, फक्त पिळणारा ओळखीचा होता आणि त्याच्याशी समोरासमोर भांडता यायचं.

भाडं सरकार ठरवायचं. २०१२ मध्ये सरकारने नेमलेल्या हकीम समितीने भाडेवाढीचं सूत्र घालून दिलं, तरी २०१५ साली २२ रुपये झालेलं किमान भाडं मार्च २०२१ पर्यंत जागचं हललं नाही. मग २५, ऑक्टोबर २०२२ मध्ये २८ आणि फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये. मधल्या काळात गॅस, विमा, सुटे भाग, सगळं महाग होत गेलं. मालकाने गाडीवर खर्च करणं कमी केलं आणि चालकाने भाडी निवडायला सुरुवात केली. पावसात दादर स्टेशनबाहेर उभं राहून ‘उधर नहीं जाएगा’ ऐकलेलं नाही असा मुंबईकर विरळा. भाडं नाकारणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ खाली गुन्हा आहे, पण तक्रार करायची तर नंबर टिपून घ्या, लेखी द्या, चकरा मारा. प्रवाशाच्या मनात हा राग वर्षानुवर्षं साचत होता. ॲप आलं तेव्हा लोक तिकडे धावले ते स्वस्ताईसाठी, तसेच हात जोडावे लागत नाहीत म्हणूनही. टॅक्सी संघटनांनी ही दुसरी बाजू कधी मनापासून मान्य केली नाही, आणि मला ते फार खटकतं.

एक गैरसमज इथेच दूर करते. प्रीमियर पद्मिनी रस्त्यावरून गेली ती ॲपमुळे, असं सर्रास लिहिलं जातं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे, म्हणून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये बाद झाली. त्यात ॲपचा संबंध नाही.

ॲपचा पहिला घाव काळ्या-पिवळीपेक्षा मेरूसारख्या कंपन्यांवर जास्त खोल बसला, हे लोक विसरतात. मेरू २००७ मध्ये मुंबईत आली. एसी गाडी, फोनवर बुकिंग, जीपीएस, छापील पावती, म्हणजे ज्याला आपण आधुनिक म्हणतो ते बहुतेक सगळं त्यांनी ॲपच्या आधीच दिलं होतं. पण गाड्या कंपनीच्या मालकीच्या होत्या. गाडी उभी राहिली तरी हप्ता, विमा आणि घसारा कंपनीच्या वहीत पडायचा. २०१० मध्ये ओला सुरू झाली, २०१३ मध्ये उबर बंगळूरमध्ये उतरली, आणि या दोघांच्या वहीत सुरुवातीला गाडीच नव्हती. गाडी चालकाची, हप्ता चालकाचा, अपघात झाला तर गॅरेजचं बिलही चालकाचं. दोघांची सेवा सारखी असली तरी ज्याच्या वहीत गाडी नाही तो भाडं पाडण्यात जास्त दिवस टिकतो. हॉटेलधंद्यात दुसऱ्यांच्या खोल्या भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचं गणित याच जातीचं आहे.

यात कायद्याची फटही होती. काळ्या-पिवळीला मीटर, ठरलेला रंग, शहराची हद्द आणि सरकारी दर. ॲपच्या गाड्या धावायच्या टुरिस्ट परमिटवर. त्याला संख्येची मर्यादा नव्हती, मीटर नव्हता, दराचं बंधन नव्हतं. ही परमिटं मुळात आधी बुकिंग करून शिर्डी-महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांसाठी. मोबाइलवर दोन मिनिटं आधी केलेलं बुकिंगही आधीचंच धरलं गेलं, आणि तीच गाडी अंधेरी ते पवई धावू लागली. एकाच रस्त्यावर एकच प्रवासी नेणाऱ्या दोन गाड्या, एकीचा हात सरकारने धरून ठेवलेला, दुसरीचा मोकळा. टॅक्सीवाले याला अन्याय म्हणायचे आणि त्यांचं ते म्हणणं रास्त होतं.

आता ‘शेअरिंग’बद्दल. अमेरिकेत २०१२-१३ च्या सुमारास लिफ्ट नावाच्या कंपनीने आणि मागोमाग उबरने खासगी गाडीवाल्यांना प्रवासी नेऊ दिले. घरची गाडी नाहीतरी उभीच असते, रिकाम्या वेळात चार पैसे मिळव, अशी ती कल्पना. आपल्याकडे मोटारीच्या बाबतीत हे घडलंच नाही. पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीने भाडं मारणं बेकायदा, म्हणून इथे प्रत्येक ॲपची गाडी पिवळ्या प्लेटची, मुद्दाम धंद्यासाठी घेतलेली, आणि बहुतेक वेळा कर्जावर. खरं वाटून घेणं आपल्याकडे फार जुनं आहे. चर्चगेट ते नरिमन पॉइंट शेअर टॅक्सी आहे, सातारा-सांगली-कोल्हापूरला वडाप आहे, मराठवाड्यात नि विदर्भात काळी-पिवळी जीप आहे. तिथे खर्च सीटांवर विभागला जातो आणि म्हणून भाडं कमी होतं. ॲपच्या गाडीत एकटा प्रवासी बसून ते भाडं कमी कसं होत होतं, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

उत्तर होतं गुंतवणूकदारांचा पैसा. २०१६ मध्ये ओलाने ‘मायक्रो’ काढली, दर किलोमीटरला ६ रुपये. रिक्षापेक्षा स्वस्त एसी मोटार! मेरूने उबरविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली होती. ते प्रकरण सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं तेव्हा निकालात एक आकडा नोंदला गेला: मेरूच्या माहितीनुसार दिल्ली परिसरात उबरला एका फेरीमागे २०४ रुपयांचा तोटा होत होता. न्यायालयाने चौकशीचा मार्ग मोकळा ठेवला. पुढे २०२१ मध्ये आयोगाने प्रकरण बंद केलं आणि तोवर बाजाराची वाटणी होऊन गेली होती. जुना धंदा मोडायला चांगली सेवा लागते हे खरं, पण प्रत्येक फेरीवर एवढा तोटा सोसायची ऐपत असेल तर सेवा थोडी उन्नीस-बीस असली तरी चालतं. ज्याने आयुष्यभराची पुंजी परमिटमध्ये घातली आहे तो अशा पैशाशी स्पर्धा करू शकत नाही.

२०१४ ते २०१६ या काळात आमच्याकडे कर्जाच्या अर्जांची रीघ लागली. बीड, लातूर, सातारा इथून आलेली मुलं, कुणी कंपनीतली नोकरी सोडून, कुणी गावचं थोडं रान विकून डाउन पेमेंटची सोय केलेली. अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला म्हणून मित्राच्या मोबाइलचे स्क्रीनशॉट जोडायची: आठवड्याला इतक्या फेऱ्या, इतका इन्सेंटिव्ह, म्हणजे कंपनी भाड्यावर वरून देते तो बोनस. त्या आकड्यांत भाड्यापेक्षा इन्सेंटिव्हचा वाटा मोठा असायचा, आणि मी हाताखालच्या पोरांना सांगायचे की इन्सेंटिव्हची रक्कम खोडा आणि मग हप्ता बसतो का बघा. २०१७ पासून इन्सेंटिव्ह घटत गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईच्या ॲपचालकांनी दहा दिवसांहून जास्त संप केला, तो या रागातून. हप्ता मात्र तोच राहिला.

परमिटवाला कर्जदार आणि ॲपवाला कर्जदार यांच्यात फरक काय, तर तारणाचा. परमिटवाल्याची गाडी जुनी झाली, अपघातात गेली, तरी परमिट त्याच्या नावावर राहायचं. त्यावर दुसरी गाडी चढवता यायची, मुलीच्या लग्नात अडचण आली तर ते मोडता यायचं, आणि म्हातारपणी शिफ्टवर देऊन घर चालायचं. ॲपच्या चालकाकडे आहे आयडी, म्हणजे कंपनीच्या ॲपवरचं त्याचं खातं. पाच वर्षं रात्रंदिवस गाडी चालवून, हजारो प्रवासी नेऊन, रेटिंग उत्तम ठेवून त्याने जे कमावलं ते त्या आयडीत असतं, आणि तो आयडी एका तक्रारीवर, कारण न सांगता, रातोरात ब्लॉक होतो. आयडी विकता येत नाही, वारसाला देता येत नाही, गहाण टाकता येत नाही. कोणतीही पतसंस्था त्यावर रुपया देत नाही.

भाड्याचा मामलाही सांगते. एक चालक थकलेल्या हप्त्याबद्दल बोलायला आला होता. त्याने मोबाइल माझ्यासमोर ठेवला आणि नुकतीच संपवलेली फेरी दाखवली. प्रवाशाने स्वतःच्या मोबाइलवर ४१२ रुपये भरलेले त्याने विचारून घेतले होते, याच्या खात्यात २६८ दिसत होते. मधले १४४ रुपये कशाचे, किती कमिशन, किती कर, त्याचा नीट हिशेब त्या पडद्यावर नव्हता. जुन्या मीटरमध्ये फेरफार व्हायचे, मीटर पळवायचे लोक, मी मान्य करते. पण टॅरिफ कार्ड प्रवासी आणि चालक दोघेही वाचू शकत होते. दोघांना एकच आकडा दिसायचा. आता एकाच गाडीत बसलेल्या दोन माणसांना दोन वेगळे आकडे दिसतात आणि दोन्ही ठरवणारा तिसरा आहे. भाडं ठरवण्याचा अधिकार सरकारकडून गेला असं मी वर म्हटलं ते हेच.

इतर शहरांत काय झालं? न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीच्या परवान्याला मेडॅलियन म्हणतात. त्यांची संख्याही सरकारने गोठवलेली होती. २०१४ च्या सुमारास एका मेडॅलियनचा भाव १० लाख डॉलरपर्यंत गेला. स्थलांतरित चालकांनी प्रचंड कर्जं काढून ती घेतली, मग भाव कोसळला, २०१८ मध्ये चालकांच्या आत्महत्या झाल्या. चालकांनी उपोषण केलं तेव्हा कुठे २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये शहराने कर्जं खाली आणायला हमी दिली. कर्ज देणाऱ्यांनी फुगलेल्या भावावर डोळे मिटून पैसे वाटले, हा त्यातला भाग मला सगळ्यात अस्वस्थ करतो. लंडनमध्ये वेगळंच घडलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरचे चालक हे ‘वर्कर’ आहेत, लॉगिन करून फेरीसाठी तयार असलेला वेळही कामाचाच, असा निकाल दिला. किमान वेतन आणि भरपगारी रजा त्यातून आली. भाडं कंपनी ठरवते, मार्ग कंपनी सुचवते, वाईट रेटिंगला शिक्षा कंपनी करते, मग चालक स्वतंत्र व्यावसायिक कसा, असा तो साधा युक्तिवाद होता. आपल्याकडे तो तंतोतंत लागू पडतो.

आपला कायदा उशिरा पण हलला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ॲग्रीगेटर, म्हणजे प्रवासी आणि चालक जोडून देणारी ॲप कंपनी, आला, नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात भाड्याचा किमान ८० टक्के वाटा चालकाला आणि सर्ज, म्हणजे गर्दीच्या वेळचं वाढीव भाडं, जास्तीत जास्त मूळ भाड्याच्या दीडपट, असं ठरलं. जुलै २०२५ च्या नव्या तत्त्वांनी सर्ज दुपटीपर्यंत नेऊ दिला. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई महानगरासाठी ॲपच्या गाड्यांना किलोमीटरला २२.७२ रुपये असा मूळ दर ठरवला. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यानुसार कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के गिग कामगारांच्या, म्हणजे ॲपवर कामागणिक पैसे मिळवणाऱ्यांच्या, कल्याणासाठी द्यायचे आहेत. हे सगळं चांगलं आहे. पण कुणी किती कमिशन कापलं हे तपासायचं तर कंपनीच्या संगणकातला हिशेब उघडायला हवा, आणि आरटीओच्या निरीक्षकाकडे आज ते साधन नाही. मीटर तपासायला त्याच्याकडे निदान स्टॉपवॉच आणि मोजलेला रस्ता होता.

गोव्याचं उदाहरण लोक नेहमी देतात: तिथल्या टॅक्सीवाल्यांनी एकी करून ओला-उबरला पाय रोवूच दिले नाहीत. खरं आहे. २०१८ मध्ये सरकारच्या पुढाकाराने गोवा माइल्स हे ॲप आलं, त्यालाही विरोध झाला. पण परक्या ॲपला अडवून तिथला प्रवासी सुखी झाला का? मीटर बसवायलाही उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं. दार बंद ठेवल्याने जुन्या धंद्यातला दोष जात नाही.

आणि आता पाळी रिक्षाची आहे. पुण्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये रिक्षावाल्यांनी बाइक टॅक्सीविरुद्ध बंद केला. इथे मात्र पांढऱ्या प्लेटच्या घरच्या दुचाकी होत्या, म्हणजे अमेरिकेची ती मूळ कल्पना दोन चाकांवर आली. परवाना नाकारलेल्या रॅपिडो या बाइक टॅक्सीच्या ॲपला फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. मग २०२५ मध्ये राज्य सरकारने इलेक्ट्रिक बाइक टॅक्सीचे नियम आणून दार उघडलं. रिक्षावाल्याचं परमिट २०१७ नंतर खुलं झाल्याने आधीच भाव गमावून बसलं होतं. ज्या मुलाने गेल्या तीन-चार वर्षांत कर्जावर रिक्षा घेतली आहे, त्याची मला काळजी वाटते.

आता धाकट्या भावाचं. आकडे मांडून बघा. समजा ७ लाख कर्ज, ५ वर्षं, साडेदहा टक्के. हप्ता १५ हजारांच्या आसपास. महिन्याला २६ दिवस गाडी चालवली तर दिवसाला ५७७ रुपये. गाडी दिवसाला १५० किलोमीटर धावली, त्यातले १०० प्रवाशासह, ५० रिकामे. सीएनजी किलोमीटरला ४ रुपये धरला तर ६०० रुपये. आता प्रवाशासह धावलेल्या किलोमीटरला चालकाच्या हातात १४ रुपये पडत असतील तर १,४०० आले. त्यातून गॅस आणि हप्ता वजा जाता राहिले २२३ रुपये. यातून अजून विमा, टायर, सर्व्हिसिंग आणि पासिंग जायचं आहे. सरकारी दर खरोखर पाळला आणि त्याचे ८० टक्के हातात आले तर किलोमीटरला सुमारे १८ रुपये, म्हणजे १,८१८. तेच वजा जाता राहतात ६४१. किलोमीटरमागे चार रुपयांच्या फरकाने चालकाच्या घरी जाणारा पैसा जवळपास तिप्पट होतो. म्हणून संपात चालक हा दर मागतो.

दोन्ही ओळींत रिकामे ५० किलोमीटर तेच आहेत. ते ३० वर आणता आले तर गॅसचे ८० रुपये रोज वाचतात, शिवाय त्या वेळात एखादं छोटं भाडं होतं. हल्ली कमिशनऐवजी रोजची ठरलेली फी घेणारी ॲप्स आली आहेत. बंगळूरची नम्मा यात्री तसं करते, उबरनेही २०२५ मध्ये रिक्षांसाठी ती पद्धत घेतली. ज्याच्या फेऱ्या जास्त होतात त्याला हे परवडतं. मात्र आजारपणात गाडी उभी राहिली तर फी वाचते, हप्ता वाचत नाही.

भावाकडे निम्मे पैसे रोख असतील, घरात दुसरं एखादं पगारी माणूस असेल, आणि एक-दोन कंपन्यांची किंवा शाळेची बांधील ड्युटी हाताशी असेल तर गाडी घ्यायला माझी हरकत नाही. मग ॲप मधल्या रिकाम्या वेळापुरतं. केवळ ॲपच्या भरवशावर, ८०-९० टक्के कर्ज काढून, आईच्या दागिन्यांवर डाउन पेमेंट करून घेणार असेल तर त्याला थांबवा. आत्ता टॅक्सी चालवायला लागतो तो आरटीओचा बॅज काढू द्या आणि दोन महिने दुसऱ्याची गाडी शिफ्टवर चालवू द्या. रोज रात्री वहीत तीनच आकडे लिहायचे: एकूण किलोमीटर, प्रवाशासह किलोमीटर आणि हातात आलेले पैसे. ती वही घेऊन मग कर्ज मागायला जावं. ज्या पतसंस्थेत वाहनकर्जाचं टेबल सांभाळणारा माणूस ती वही उघडून वाचेल, तिथेच कर्ज घ्यावं.